झुळकीण

सुनेने दाराशी येऊन आधी डावा पाय आपटला, मग उजवा, आणि मगच ती सासऱ्यांच्या खोलीत शिरली. एका हातात छापायला जाणारं पान, दुसऱ्या हातात बशीने झाकलेला कप; आपटण्याच्या नादात थोडा चहा सांडलाच.

"आली पलटण," सासरे मान वर न करता म्हणाले.

सासूबाई गेल्यापासून घरात हा नियम होता. आजोबांच्या खोलीत यायचं तर पाय वाजवत यायचं. नात तर कवायत करतच शिरायची, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी दोनदा चौकशी करून गेले होते. डॉक्टरांनी कान तपासले, छाती तपासली, दोन्ही ठणठणीत. मग हा हट्ट कशासाठी, ते कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हट्टाचं कारण विचारणं म्हणजे विकतचं दुखणं घेणं, असं सगळ्यांचं एकमत होतं.

सासरे कोशकार होते. उभा जन्म त्यांनी एका शब्दकोशात घातला होता आणि निवृत्त होताना तो सुनेच्या हाती दिला होता. देताना अट एकच: त्यांनी घातलेला शब्द त्यांना विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि त्यांनी काढ म्हटलेला ठेवायचा नाही. नवी आवृत्ती आता छपाईला निघाली होती. सगळी पानं गेली होती, एक सोडून.

"'झ'चं पान अडलंय, बाबा. छापखान्याचा माणूस कचेरीत माझ्या टेबलाशी ठाण मांडून बसलाय. आज पान घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणतो."

"मग दे की. झुळकीण काढ आणि दे."

"तेच तर होत नाहीये माझ्याच्यानं."

झुळकीण हा शब्द खोटा होता. ही गोष्ट कोशाच्या कचेरीत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होती. पहिल्या आवृत्तीच्या वेळी सासऱ्यांनी तो मुद्दाम घातला होता: 'हवेत राहणारी, डोळ्यांना न दिसणारी स्त्री.' असा शब्द भाषेत कुठेच नव्हता. कोणी कोश चोरला तर त्याच्या पुस्तकात हीसुद्धा जाईल आणि चोर सापडेल, हा हिशेब. आणि सापडलाही. एका प्रकाशकाने अख्खा कोश उचलून स्वतःच्या नावाने छापला आणि झुळकिणीलाही सोबत नेलं. मुद्देमालासकट पकडला गेला बिचारा.

"उंदीर कधीच सापडला," सासरे म्हणाले. "आता सापळा काढायला नको? मी गेल्यावर लोक म्हणतील, एवढा मोठा कोशकार आणि थापा मारायचा. माझ्या डोळ्यांदेखत काढ."

"पण लोक बोलतात तो शब्द."

"लोक काय, काहीही बोलतात."

"हे तुम्ही म्हणताय?"

सासऱ्यांनी बशी उचलून कपात डोकावून पाहिलं आणि पुन्हा झाकून ठेवली. हे ते रोज करत. चहा गार झाल्यावरच प्यायची त्यांची जुनी खोड होती.

सून समोरच्या स्टुलावर बसली. ती भांडायच्या तयारीनेच आली होती. सासऱ्यांशी भांडायला तिला आवडायचं. खरं तर सगळं काम ती त्यांच्याशी भांडतच शिकली होती, आणि नवऱ्यापेक्षा त्यांच्याशीच आपलं जास्त पटतं हे तिने कधीच मान्य करून टाकलं होतं.

"एक ऐका," ती म्हणाली. "काही शतकांपूर्वी परदेशातल्या एका वैद्यानं हवेत राहणाऱ्या जीवांना 'सिल्फ' म्हटलं. बहुधा शब्द त्यानंच डोक्यातून काढला. तुम्हीच सांगितलंय मला हे. पुढे त्या जीवांवर कोणाचा विश्वास राहिला नाही, पण शब्द राहिला. आज तिकडे शेलाट्या बाईला म्हणतात. त्याचा चालतो, मग तुमचा का नाही?"

"तो वैद्य होता. वैद्यांना थापा माफ असतात."

ती हसली, पण पान तिने सोडलं नाही.

"तुमचाच नियम लावते मग. तीन तोंडांचा."

एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन माणसांच्या तोंडून, न विचारता, शब्द ऐकला तरच तो कोशात घ्यायचा, हा त्यांचा नियम होता. त्या नियमापायी त्यांनी मोठमोठ्या पंडितांचे शब्द दाराबाहेर उभे केले होते.

"कोपऱ्यावरची फळवाली," सून म्हणाली. "तिची पोरगी गाडीवर बसवली की पाच मिनिटांत गायब. परवा ओरडत होती, 'कुठं उलथली ही झुळकीण?' दुसरा आपला शिंपी. मुलीचं माप घेताना म्हणाला, 'झुळकीणच आहे, हिला कापड काय लागतंय!' आणि काल दातांच्या दवाखान्यात तिथली बाई म्हणाली, 'ती फट बुजवा हो, झुळकीण येतेय मानेवर.' यांतल्या एकानं तरी तुमचा कोश उघडला असेल?"

"मग आला कुठून त्यांच्याकडे?"

"आपण शाळांसाठी काढलेल्या छोट्या कोशातून. एका शिक्षिकेनं मुलींचं नाटक बसवलं होतं. जुन्या ओढण्या गुंडाळून झुळकिणी व्हायचं आणि स्टेजभर धावायचं. नाटक सगळे विसरले. शब्द मुलींबरोबर घरी गेला."

सासऱ्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "ओढण्या गुंडाळून," ते स्वतःशीच म्हणाले. मग हात पुढे करून त्यांनी पान मागितलं. सुनेने नवी नोंद आधीच लिहून आणली होती: हवेतली अदृश्य स्त्री, शेलाटी, हलक्या पायांची मुलगी, थट्टेने, कामातून निसटणारी, फटीतून येणारा वारा. सासरे चष्मा कपाळावर सरकवून वाचत गेले आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

"'व्युत्पत्ती: कोशकाराने घडवलेला शब्द.' हे चूक आहे."

"चूक कसं? तुम्हीच घडवलात ना?"

"घडवला नाही. होता तो."

"कुठे होता?"

"या घरात." त्यांनी पान मांडीवर ठेवलं. "बोलणारा एक, ऐकणारी एक. एकच तोंड. नियमात बसत नव्हता. आणि नियम माझा, मग मोडायचा कसा? पण तो बाहेर ठेवणंही मला जमेना. तेवढ्यात चोरांची भीती निघाली. म्हटलं, सापळा म्हणून घालू. सापळ्याला तोंडं लागत नाहीत."

सुनेने टेबलावरच्या कपाकडे पाहिलं. कपावर बशी झाकायची ही सासूबाईंची पद्धत होती. त्या कधी आत येत, कप ठेवून कधी जात, ते शब्दांत बुडालेल्या सासऱ्यांना कळायचं नाही, आणि चहा रोज गार व्हायचा. गेल्या वर्षी एका दुपारी त्या अशाच कप ठेवून आतल्या खोलीत जरा पाठ टेकायला गेल्या होत्या. सासऱ्यांनी गार चहा संपवला, 'ल'ची दोन पानं तपासली, आणि मग त्यांना हाक मारली होती.

तिला या माणसाचा हात धरावासा वाटला. पण तसं त्यांच्यात कधी नव्हतं. तिने त्यांच्या मांडीवरचं पान घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"आता तीन तोंडं झालीत, बाबा. काढायचा म्हटलात तरी निघायचा नाही."

"काढू नकोस," सासरे म्हणाले. "पण पहिला अर्थ बदल. तो मी लोकांसाठी लिहिला होता."

"सांगा."

"लिही. 'जी आल्याचे कळत नाही आणि गेल्याचे उशिरा कळते, अशी स्त्री.'"

तिने लिहिलं. अक्षर नीट यावं म्हणून पान गुडघ्यावर घट्ट धरलं.

"उदाहरण?"

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. त्यांना शोधावं लागलं नाही.

"'मान वर केली तेव्हा टेबलावर चहा होता, झुळकीण नव्हती.'"

तिने तेही लिहून घेतलं, खाली त्यांची सही घेतली आणि ती उठली. सासऱ्यांनी बशी बाजूला केली आणि चहाचा घोट घेतला. अजून पुरता गार झाला नव्हता, तरीही घेतला.

नियम येतानाचा होता. जाताना पाय आपटायचे असं कोणी सांगितलं नव्हतं. सून मात्र उंबरठा ओलांडताना पाय आपटून गेली, आणि मग पुढे सगळा जिनाभर, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा विचार न करता.