दोन बोटे माया

मित्रांनो, मी कर्करोगावर किरण सोडणारे एक जुने यंत्र आहे. रुग्णालयाच्या तळघरात, दोन हात जाडीच्या भिंतींआड माझे आयुष्य गेले. इथला तंत्रज्ञ मला 'म्हातारबा' म्हणतो, तेव्हा मीही पुरुषासारखाच बोलेन.

माझ्या डोक्यात शिशाचे जड कवच आहे आणि त्यात कोबाल्टचा एक छोटा तुकडा. किरण त्याचेच. तो तुकडा नवा होता तेव्हा एका माणसाचे काम मिनिटभरात होई. कोबाल्ट वर्षागणिक मंदावत जातो. आता त्याच कामाला दुप्पट वेळ लागतो आणि दुखणेकऱ्यांना तेवढा वेळ न हलता पडून राहावे लागते. त्यांच्यापुढे मला ओशाळल्यासारखे होते.

माझे कौतुक करावे की मला भ्यावे, हे मलाही नीट ठरवता आलेले नाही. माझे किरण रोगाच्या पेशी मारतात, पण वाटेतल्या निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. निरोगी पेशी बहुतेक सावरतात, रोगाच्या तितक्या सावरत नाहीत. एवढ्याशा फरकावर माझे सगळे काम चालते. लोक याला 'शेक' म्हणतात. शब्द जरा जास्तच मवाळ आहे.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे येत. त्यांच्या डाव्या स्तनातली गाठ शस्त्रक्रियेने काढली होती. पंचवीस दिवस किरण घ्यायचे होते. पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्यांच्या अंगावर जांभळ्या शाईने रेघा आखल्या. "किरण या रेघांच्या आत. रेघा पुसायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. बाईंनी मान उचलून पाहिले आणि म्हणाल्या, "हात सरळ आहे हो तुमचा. माझ्याकडे कामाला या."

तिसऱ्या आठवड्यात काखेजवळची कातडी लाल झाली, मग सोलली. बाई कोणाला काही बोलल्या नाहीत.

सतराव्या दिवशी त्या टेबलावर झोपल्या. किरण सोडण्याआधी मी साध्या दिव्याचा चौकोन अंगावर पाडतो. तो रेघांशी जुळावा लागतो. त्या दिवशी जुळेना. काखेकडची रेघ दोन बोटे आत आली होती आणि डॉक्टरबाईंच्या रेघेपेक्षाही सुरेख होती. बाहेर बाराजण ताटकळत होते. तंत्रज्ञाने घाईत माझा चौकोनच लहान केला तर? मी घाबरलो. पण त्याने मोजपट्टी लावली. पुन्हा लावली.

"मावशी, ही रेघ कोणी काढली?"

"पुसट झाली होती. मी गिरवली."

"गिरवली, की सरकवली?"

बाई छताकडे बघत राहिल्या. "तिथं फार टोचत होतं. टोचतं तिथं आम्ही शिवण आत घेतो."

त्याने डॉक्टरबाईंना बोलावले. आता बाईंना बोलणी बसणार, असे मला वाटले. पण डॉक्टरबाई स्टूल ओढून जवळ बसल्या.

"कधी सरकवली?"

"आज सकाळीच."

"नशीब. ताई, ब्लाउज शिवताना शिवणीबाहेर कापड कशाला सोडता?"

"माया ठेवावीच लागते. नाहीतर पहिल्या ताणाला उसवतं."

"तुमची गाठ याच बाजूला होती. गाठ काढली, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी कडेला राहिल्या असतील. त्यासाठी ही दोन बोटं माया मी ठेवली होती. तुम्ही नेमकी तीच कापलीत."

बाईंनी काखेजवळच्या सोललेल्या जागेकडे बोट दाखवले. मग म्हणाल्या, "आणि भाजतंय त्याचं काय? सही घेतलीत त्या कागदावर हृदयाचंही लिहिलं होतं. मी वाचलंय."

"बरोबर वाचलंत. कातडी भरून येईल. हृदयाच्या काठाला मात्र थोडे किरण लागतात. दहा-पंधरा वर्षांनी त्याचा त्रास होऊ शकतो. शक्यता कमी आहे, पण मुळीच नाही असं म्हणणार नाही. किरण घेतले नाहीत, तर गाठ परत येण्याची शक्यता त्याहून बरीच जास्त. आणि ती इतकी वर्षं थांबायची नाही."

"पंधरा वर्षं?" बाईंनी मान वळवली. "म्हणजे तोवर मला जिवंत धरलंय तुम्ही!"

"धरलंय."

"मग काढा रेघ होती तिथं. त्या जागेला लावायला काहीतरी द्या मात्र. आणि रेघ मीच काढू का? या दादांची वाकडी येते."

"नाही!" दोघेही एकदम ओरडले.

रेघ पुन्हा मूळ जागी आली. दार बंद झाले. त्या सोललेल्या कातडीवर मी किरण सोडले. ते करताना मला बरे वाटले, असे खोटे कसे सांगू? बाई हलल्या नाहीत.

पंचविसाव्या दिवसानंतर त्या आल्या नाहीत. बरे झालेले माझ्याकडे परत येत नाहीत, पण परत न येणारा प्रत्येकजण बरा झालेला असतो असेही नाही. त्यांचे काय झाले ते मला कोणी सांगितले नाही. शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले आहे. त्याचा नेम माझ्याहून चांगला आहे म्हणतात. माझा मुक्काम आता थोडाच आहे, आणि मी थकलो आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचे असे उपचार चालू असतील, तर त्यांच्याजवळ बसा. कुठे भाजते, कुठे टोचते ते विचारा आणि डॉक्टरांना सांगायला लावा. ज्याची भीती वाटते तेही विचारू द्या. बाईंनी कातडी लाल झाली त्याच दिवशी 'टोचतंय' एवढे म्हटले असते, तर मलम तेव्हाच मिळाले असते. माझ्यासमोर निजलेल्या माणसाचे दुखणे मला कळत नाही. ते त्यालाच सांगावे लागते.