शिशाचा वर्ख

"सर, पोरीच्या हातून नुकसान झालं. तिले पदरात घ्या," सिंधूताईंनी हात जोडले.

नागपूरजवळच्या कन्हानमधल्या त्या दोन खोल्यांच्या घरात प्राध्यापक प्रेमानंद गजभिये खुर्चीत अवघडून बसले होते. दाराशी सिंधूताईंची मुलगी रोशनी उभी होती, गजभियेंची संशोधक विद्यार्थिनी. दिल्लीहून परतल्यापासून ती नागपूरला विद्यापीठाच्या विभागात फिरकलीच नव्हती.

दिल्लीच्या संशोधन केंद्रात कणत्वरक यंत्राची पाळी दोन वर्षांनी मिळाली होती. ऑक्सिजनची अणुकेंद्रं प्रचंड वेगानं शिशावर आदळवायची. दोन अणुकेंद्रं एकजीव झाली, की त्यांतून बनलेली बहुतेक लगेच दुभंगतात. थोडी मात्र चार-दोन न्यूट्रॉन फेकून तगतात. ती तगलेली मोजायची, हाच रोशनीचा प्रबंध. त्यासाठी खास शिशाचे वर्ख तिनं महिनोन्‌महिने खपून केले होते. जोरानं श्वास सोडला तरी फाटतील इतके पातळ.

वर्ख ठेवलेल्या पेटीतली हवा पंपानं अगदी सावकाश ओढायची असते. "सर, हळू," रोशनी म्हणालीही होती. पण गजभियेंना घाई झाली होती. त्यांनी पंपाची झडप एकदम उघडली, आणि चौकटीवरच्या सगळ्या वर्खांच्या चिंध्या झाल्या. केंद्राचे प्रमुख धावत आले. कोणी केलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा गजभियेंची नजर नकळत रोशनीकडे गेली. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "माझ्याकडून झालं."

गजभिये गप्प राहिले. विद्यार्थिनी निष्काळजी आहे, तिला पुन्हा पाळी देऊ नये, असा शेरा केंद्रानं मारला. तेव्हाही ते गप्पच होते.

आता सिंधूताईंचे जोडलेले हात त्यांना बघवेनात.

"ताई, रोशनीनं काही नाही केलं. ते वर्ख माह्याच हातानं फाटले."

 सिंधूताईंचे डोळे भरून आले.

"लय मोठं मन आहे सर तुमचं. पोरीचा गुन्हा सोताच्या अंगावर घेऊन राहिले."

"नाही ताई, खरंच..."

"बसा, चहा ठेवतो," म्हणत त्या पदरानं डोळे पुसत आत गेल्या.

गजभियेंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चहा त्यांनी कसाबसा घशाखाली उतरवला. निघताना सिंधूताई पाया पडायला वाकल्या, तसे ते झटकन मागे सरले.

रोशनी फाटकापर्यंत आली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"आईले सांगून काय होते, सर? दिल्लीले सांगा न."

गजभियेंनी खिशातून मोबाइल काढला. नंबर लावला. रोशनी आत गेली नाही.

"बोलिए, प्रोफेसर साहब," पलीकडून केंद्रप्रमुखांचा मोकळा आवाज आला.

पाठ फिरवून बोलावं, असं त्यांना फार वाटलं. पण ते तिच्यासमोरच उभे राहिले.

"उस दिन वॉल्व मैंने खोला था, रोशनी ने नहीं," ते म्हणाले.