पहिल्या पिढीचं पिस्तूल आणि नवं मॅगझिन

२०२२ साली दसरा पाच ऑक्टोबरला, बुधवारी आला होता. ती तारीख मी विसरणार नाही, कारण त्याच दिवशी माझ्या पोटात बिघाड शिरला आणि पुढचे तीन आठवडे मला ठेवायचं की काढून टाकायचं, याच्यावर घरात बोलणी चालली. मित्रांनो, मी नेमबाजीचं एक जुनं पिस्तूल आहे. घरात मला सगळे आजी म्हणतात, म्हणून मीही आजीसारखीच बोलणार आहे.

माझा जन्म १९८८चा. माझी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पोलादाची, पण मूठ प्लॅस्टिकची. त्या काळी दुकानात आलेले लोक मला हातात घेत, वजन करून बघत आणि म्हणत, "हे तर खेळणं आहे." मला फार राग यायचा. माझं काम खेळण्याचं नव्हतं. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते. स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येता येता मॅगझिनमधली, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीतली, पुढची गोळी नळीत सारते. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं, आणि दर वेळी झालंच पाहिजे. एकदा जरी चुकलं तरी लोक तेवढंच लक्षात ठेवतात.

१९९१ साली ओहायोतल्या डब्लिन गावात मला सुवर्णाबाईंनी घेतलं. त्या सांगलीच्या कॉलेजात एनसीसीत रायफल चालवायच्या. इथे आल्यावर बँकेत नोकरी लागली, आणि शनिवारी सकाळी क्लबात नेमबाजी. क्लबात साडी नेसून येणारी बाई तोवर कोणी पाहिलेली नव्हती. पहिल्याच महिन्यात त्यांनी दहापैकी नऊ गोळ्या काळ्या गोलात घातल्या, तेव्हा शेजारच्या माणसानं स्वतःचा चष्मा काढून पुसला. काय दिवस होते ते! एका उन्हाळ्यात मी चार हजार गोळ्या एकदाही न अडकता झाडल्या. क्लबातले लोक मला बघायला येत.

दरम्यान माझ्यामागून आमच्या घराण्यात एकेक पिढी येत गेली. दुसरीच्या मुठीवर खाचा आल्या, हात घसरेना. तिसरीला पुढे दिवा बसवायची सोय झाली. चौथीला दुहेरी स्प्रिंग मिळाली, धक्का कमी झाला. पाचवीचं मॅगझिन तर डावखुऱ्यालाही सहज काढता येतं. खरं सांगते, त्या माझ्याहून चांगल्या होत्या. सुवर्णाबाईंच्या मुलीनं, इशितानं, पाचव्या पिढीचं पिस्तूल आणलं तेव्हा मी तिजोरीत खालच्या कप्प्यात गेले आणि चार वर्षं तिथेच राहिले. कोणी तेल द्यायलाही काढलं नाही.

मग २०२२च्या उन्हाळ्यात एका सकाळी कप्पा उघडला. सुवर्णाबाई पासष्ट वर्षांच्या झाल्या होत्या आणि उजवं मनगट दुखायला लागलं होतं.

"इशू, यंदा ऑक्टोबरात जोडीची मॅच आहे ना, ती आपण दोघी खेळू," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, हे वर्ष फार तर. मला माझी शेवटची मॅच हिच्यावर खेळायची आहे."

"आई, माझं बॅकअप घे ना. फिफ्थ जेन आहे, ऑलमोस्ट न्यू."

"त्याची मूठ माझ्या हातात बसत नाही. ही बसते."

इशिता वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते. जुनी वस्तू दिसली की तिचे हात शिवशिवतात. तिनं मला साफ केलं आणि माझ्यासाठी दोन कोरी मॅगझिन आणली, पाचव्या पिढीची. ती मला अगदी नीट बसली. नातीची बांगडी आजीच्या हातात चढावी तसं वाटलं मला! सप्टेंबरभर आम्ही सराव केला आणि मी एकदाही अडले नाही.

मग दसरा आला. सुवर्णाबाईंनी खंडेनवमी आणि दसरा एकत्रच उरकला. त्यांनी मला पूर्ण रिकामं केलं, तीनतीनदा तपासलं, मॅगझिन काढून बाजूला पाटावर उभी ठेवली. माझ्या शेजारी शिवणकामाची कात्री, इशिताचा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली. सगळ्यांना हळद, कुंकू, फूल, अक्षता. मी इतक्या वर्षांनी पुन्हा पाटावर बसले होते, मला आनंद मावत नव्हता.

त्या शनिवारी क्लबात चौथ्या गोळीनंतर नुसतं टक झालं. स्लाइड पुढे आली होती, पण नळीत गोळीच नव्हती. पुढची दहा ठीक गेली. मग पुन्हा टक.

"स्प्रिंग थकलीये," इशिता म्हणाली. "स्लाइड इतकी फास्ट परत येते की गोळी वर यायला वेळच मिळत नाही." तिचं म्हणणं चूक नव्हतं, स्प्रिंग खरंच थकली होती. तिनं नवी घातली, मला बरंही वाटलं. तरी बुधवारी पुन्हा टक. मग तिनं पुंगळी ओढणारा आकडा बदलला. मग चापाचा संच बदलला. तो इतका हलका निघाला की सुवर्णाबाई दचकल्या आणि त्यांनी मला लगेच खाली ठेवलं.

"ही माझी आजी नाही राहिली," त्या म्हणाल्या. "हा चाप मला नको."

"आई, बी रिझनेबल. चौतीस वर्षांचं मशीन आहे. गुरुवारी लास्ट प्रॅक्टिस. अडकली तर शनिवारी तू बॅकअप वापरायचं, आणि ही आपण पोलिसांकडे जमा करायची. ते वितळवतात."

 सुवर्णाबाईंनी जुना चाप परत बसवायला सांगितला आणि त्या मनगट चोळत बसल्या.

गुरुवारी क्लबात जागृती होती. जागृती मेश्राम नागपूरची. शेजारच्या कोलंबस शहरात यंत्रांच्या चाचण्या घेणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि आठवड्यातून दोनदा क्लबात सुरक्षेची ड्यूटी. सातव्या गोळीला मी टक केलं तशी ती जवळ आली.

"काकू, किती पार्ट बदलले?"

"विचारू नकोस. उद्या मलाही बदलेल ही."

"आणि मॅगझिन?"

"ती ब्रँड न्यू आहेत," इशिता म्हणाली. "प्रॉब्लेम जुन्या पार्टमध्येच असणार ना."

"असं कसं जी? नवं म्हणून त्याची तपासणीच नाही? तुमच्या कारखान्यात चालतं का हे?"

इशिताचे कान लाल झाले. जागृतीनं पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि एका मॅगझिनच्या बुडाशी ठिपका दिला. ठिपक्याशिवायच्या मॅगझिननं दहाच्या दहा गेल्या. ठिपक्याच्या मॅगझिननं तिसरीलाच टक. पुन्हा बिनठिपक्याचं, दहा. पुन्हा ठिपक्याचं, टक. माझा जीव भांड्यात पडला. दोष माझ्यात नव्हता!

"आता सांगा," जागृती म्हणाली, "हे सुरू व्हायच्या आधी या मॅगझिनला कोणी हात लावला? आमच्या लॅबमध्ये पहिला प्रश्न हाच."

"कोणीच नाही. दसऱ्याला पूजा केली तेवढी," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"पूजेत काय काय वाहिलं?"

सुवर्णाबाईंचा हात तोंडाशी गेला. जागृतीनं मॅगझिनचं बूड सरकवून स्प्रिंग बाहेर काढली आणि ते टेबलावर आपटलं. एक तांदळाचा दाणा टप्पकन पडला. कुंकवानं अजून गुलाबी होता. गोळ्या वर ढकलणाऱ्या आतल्या पट्टीच्या कडेला तो अधूनमधून अडकायचा, मग गोळी वर यायची नाही.

 इशिता हसायला लागली ती थांबेचना. "तीन आठवडे, आई! आय रिप्लेस्ड एव्हरीथिंग, आणि तू तिला भात भरवला होतास."

"आमच्या घरी ही पूजा नाही, म्हणून मला विचारायचं सुचलं," जागृती म्हणाली. "तुम्ही दोघी ती गोष्ट मोजतच नव्हत्या."

शनिवारी मॅचमध्ये एकोणीस जोड्या होत्या. सुवर्णाबाईंनी साठ गोळ्या झाडल्या. शेवटच्या दहांना मनगट ठणकत होतं, पण मी त्यांच्या हातात घट्ट बसले होते आणि साठच्या साठ वेळा स्लाइड भरून पुढे आली. आमच्या जोडीचा चौथा नंबर आला. सुवर्णाबाईंनी मला रिकामं केलं, तपासलं, आणि कपाळाला लावलं.

मित्रांनो, नव्या पिढ्यांना मी नावं ठेवत नाही. माझ्यातली नवी स्प्रिंग मी आनंदानं ठेवून घेतली आहे. मागणं एवढंच, की जुनी वस्तू अडली तर ती फेकण्याआधी तिला झाडून, पुसून, उघडून बघा, आणि नव्या वस्तूलाही तेच नियम लावा. आणखी एक आजी म्हणून सांगते. माझ्यासारखी वस्तू कुठे पडलेली दिसली तर हात लावू नका, जवळच्या मोठ्या माणसाला हाक मारा. मी रिकामी आहे की भरलेली, ते बाहेरून बघून कळत नाही.

जागृती पुढच्या वर्षी दुसऱ्या राज्यात, हर्नडनला गेली, नोकरी बदलली, पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिचा न चुकता फोन येतो, "काकू, मॅगझिन झाकलं का?" इशितानं कारखान्यात एक नियम आणला, की सुटा भाग कोरा असला तरी तो संशयितांच्या यादीत असायलाच हवा. त्या नियमाला तिथले लोक 'राइस रूल' म्हणतात, का ते तिनं कोणाला सांगितलेलं नाही. सुवर्णाबाईंनी मॅच सोडल्या. त्या आता क्लबात खुर्चीवर बसून दुर्बिणीतून इशिताचा नेम बघतात आणि चुका मोठ्यानं सांगतात. मी तिजोरीत वरच्या कप्प्यात, पाचव्या पिढीशेजारी असते. वर्षातून एकदा इशिता माझ्यातून दहा गोळ्या झाडते.

आणि दसऱ्याला पाटावर माझ्या दोन्ही मॅगझिनवर एकेक स्टीलची वाटी उपडी घातलेली असते. अक्षता त्या वाटीवर वाहतात.