पाऊण तास उकळलेलं पाणी

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तपासनीसाने तेवीस वर्षं काढली. नमुना नापास झाला की अहवालावर एकच शिक्का बसायचा: पाणी उकळून प्यावे. जंतू असोत की आणखी काही, शिक्का तोच. खतांतून पाण्यात उतरणारं, तान्ह्या बाळांना घातक असलेलं नायट्रेट उकळून जात नाही हे त्याला तोंडपाठ होतं. पण दुसरा शिक्का करून घ्यायचा सगळ्यांनाच कंटाळा, आणि त्यात हे महाशय सगळ्यांच्या पुढे.

नमुन्यांवर नुसते क्रमांक असत. कुठला नमुना कुठल्या गल्लीतला, ते वरचं ऑफिस बघे. एका नमुन्यात नायट्रेट मर्यादेच्या तिप्पट निघालं. त्याने हातासरशी शिक्का मारला आणि डबा खायला बसला.

त्या शिक्क्याची नोटीस त्याच्याच लेकीच्या फाटकावर लागली, त्याला पत्ताही नव्हता. लेक पहिलटकरीण, त्यातून धास्तावलेली. अंगावरचं दूध आटल्यामुळे दोन महिन्यांच्या पोरीला बोअरच्या पाण्यात पावडर कालवून देत होती. आता ती पाणी पाऊण तास उकळू लागली. पातेलं निम्मं झालं की तिच्या जिवाला बरं वाटे.

दहाव्या दिवशी पोरीचे ओठ निळे पडले. तो धावतपळत दवाखान्यात पोचला, तेव्हा डॉक्टरीणबाई इंजेक्शन देऊन पाण्याचीच चौकशी करत होत्या. लेक त्याला बघून जरा सावरली.

"बाबा, सांगा ना यांना. मी निम्मं आटवून देत होते. नोटिशीत होतं तसंच."

खोटं बोलायची सोय नव्हती; नायट्रेट उकळून जात नाही हे डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक होतं.

"नायट्रेट असेल तर उकळायचं नसतं," तो म्हणाला. "पाणी उडतं, ते मागे राहतं. निम्मं आटवलं की दुप्पट होतं. आरओचं पाणी द्यायचं, नाहीतर दुसरीकडून चांगलं आणायचं."

"मग उकळा म्हणून कुणी लिहिलं?" बाईंनी विचारलं.

"मी."

लेकीने ऐकलं की नाही, कळलं नाही. इंजेक्शनला उशीर झाला होता. दुपारी पोर गेली.

त्याला वाटलं, आता लेक अंगावर धावून येईल, शिव्या देईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुपट्यात गुंडाळलेल्या पोरीला मांडीवर घेऊन ती तिचीच माफी मागत बसली.

"मी उकळलं गं. इतकं उकळलं."