ते दोन टक्के कुठे गेले

गल्लीत तिला सगळे मोजणीवाली म्हणायचे. तिला ते आवडायचं नाही, पण उलट बोलायची सोय नव्हती. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लोक काहीही म्हणोत, आपण हसायचं आणि पुढचा प्रश्न विचारायचा. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, खांद्याला पिशवी. ठरलेली घरं, प्रत्येक घरी चार महिने ओळीने जायचं आणि तेच तेच विचारायचं. कोण कामावर आहे, कोण बेकार आहे, कोण काम शोधतंय. मंदी येऊन गेल्यापासून राज्य सरकारने ही मोजणी फारच मनावर घेतली होती.

ती स्वतःही मंदीनेच घरी बसवलेली. पंख्याच्या कारखान्यात सहा वर्षं मोटरला तार गुंडाळली, मग एक दिवस गेटला कुलूप. पुढे कधीतरी हे मोजणीचं काम लागलं, तेही सहा महिन्यांपुरतं. त्यातले साडेपाच संपले होते आणि पुढचं कुणी काही बोलत नव्हतं.

आज फोरमनचं घर होतं. तिसरी फेरी.

फोरमन म्हणजे तिचाच फोरमन. तार कशी धरायची, किती ताणायची, वेढा वेढ्याला कसा चिकटवायचा, सगळं त्यांनीच शिकवलेलं. मोठ्या शहरात इतकी घरं, आणि यादीत नेमकं हेच निघावं. पहिल्या फेरीला ती दारातूनच परत फिरणार होती. पण काकूंनी, म्हणजे फोरमनच्या बायकोने, खिडकीतून बघितलं होतं.

"या मोजणीवाल्या बाई," काकू दार उघडत म्हणाल्या. "माणसं दोनच आहेत. मागच्या वेळेपासून वाढली नाहीत."

फोरमन खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, बटणं वरपर्यंत लावलेली. कुठे जायचं नसतानाही माणूस असा तयार बसलेला बघितला की तिला उगाचच राग यायचा. कुणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"साहेब, सुरू करू?"

"साहेब कुणाचा आता? कर."

पलीकडे रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. राज्यातली बेकारी नऊ टक्क्यांवरून सातवर आली. मंत्र्यांनी समाधान व्यक्त केलं. काकूंनी आवाज कमी केला.

"नऊचे सात झाले," फोरमन म्हणाले. "ते दोन कुठे गेले?"

"कामाला लागले असतील," काकू म्हणाल्या.

"कारखान्यात आपल्या खात्यात चाळीस माणसं होती. एक तरी लागलेला दिसला का तुला?" फोरमन तिच्या टॅबकडे बघत म्हणाले.

तिने टॅबमध्ये डोकं घातलं. ते दोन कुठे गेले ते तिला माहीत होतं. साडेपाच महिने ती स्वतःच्या बोटाने त्यांना पोचवत आली होती.

"गेल्या सात दिवसांत," तिने वाचलं, "पैसे किंवा वस्तूच्या मोबदल्यात किमान एक तास काम केलं का?"

प्रश्न असेल तसाच वाचायचा, आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही, असा नियम होता. दहातल्या एका घरी वरचा साहेब स्वतः फोन करून पडताळायचा.

"नाही," फोरमन म्हणाले.

"अहो, शेजारणीचा पंखा केलात की," काकू म्हणाल्या. "तिने चार लिंबं दिली."

तिचं बोट अधांतरी थांबलं. वस्तूच्या मोबदल्यात. चार लिंबं. एवढ्यावर फोरमन सरकारच्या कागदावर कामाला लागणार होते.

"ती काय मजुरी होती? झाडाला जास्त आली म्हणून दिली."

"पण दिली ना? मी त्याचंच सरबत केलं. तुम्हीच दोन ग्लास प्यायलात."

"किती वेळ लागला पंख्याला?" तिने विचारलं. हे मात्र विचारायची परवानगी होती.

फोरमननी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, जणू पंखा आत्ताच खाली ठेवला होता. "चाळीस मिनिटं. कपॅसिटर गेला होता. तास नाही झाला."

"दुसऱ्या कुणी तास सांगितला असता," काकू पुटपुटल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

तिने 'नाही' दाबलं. पुढचा प्रश्न आला. तो येणार हे माहीत असूनही तिला तो नको होता.

"गेल्या चार आठवड्यांत काम शोधण्यासाठी काही केलं का? अर्ज, चौकशी, ओळखीच्यांना विचारणं, काहीही."

मागच्या दोन फेऱ्यांना त्यांनी खिशातून छोटी वही काढून तारखांसकट वाचून दाखवलं होतं. कुठे गेले, कुणाला भेटले, काय उत्तर मिळालं. आज हात खिशाकडे गेलाच नाही.

"नाही."

ती म्हणाली, "प्रश्न परत वाचते."

"ऐकू आला."

"एकदा परत वाचायची मुभा असते." तिने परत वाचला, सावकाश. मग आवाज खाली आणून म्हणाली, "साहेब, रस्त्यात कुणाला सहज विचारलं असेल ना, तरी चालतं. फोनवर विचारलं असेल तरी चालतं."

फोरमननी तिच्याकडे नीट बघितलं. कारखान्यात मोटर हातात घेऊन बघायचे, तसं.

"उत्तर सांगतेयस मला?"

"प्रश्न समजावतेय."

"बाराशेचे अकराशे ऐंशी आठवतात?"

आठवत नसतील कसे? कामाला लागून तीन महिने झाले होते. मोजणीचा काटा मध्येच अडकला आणि एका मोटरला वीस वेढे कमी पडले. तिने कागदावर बाराशे लिहिले आणि मोटर पुढे सरकवली. फोरमननी ती उघडली, हाताने सोडवत सोडवत सगळी तार मोजली आणि तिच्यापुढे ठेवली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की मोटर फिरेल, पण तापेल, आणि कुणाच्या घरात तापेल ते आपल्याला कळणार नाही. तिने त्या दिवशी डबासुद्धा खाल्ला नव्हता, रागाने.

आत्ताही तसाच राग आला. "मग ऐका," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात की तुम्ही बेकार राहत नाही. काम नाही आणि शोधतही नाही, म्हणजे कामाच्या बाहेर. शाळकरी पोरं आणि पेन्शनवाले जिथे असतात तिथे. बेकारांच्या आकड्यातून तुम्ही वजा. ते दोन टक्के असेच गेलेत. कुठे लागलेबिगले नाहीत. दमून घरी बसलेत."

काकू चहाचे कप घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"म्हणजे मी घरी बसलो," फोरमन म्हणाले, "म्हणून राज्याचं भलं झालं?"

"कागदावर."

काकूंनी कप ठेवले. फोरमननी कानाच्या मागे खाजवलं.

"मी काम मागत होतो तोवर मोजत होतात. मागायचं सोडलं, तर मी नाहीच."

"हो म्हणा ना मग," ती म्हणाली. "खोटं कुठे आहे? मिळालं तर उद्या जाल ना कामाला?"

"आज जाईन. पण शोधलं का विचारतायत. शोधलेलं नाही. नाही लिही."

तिने दाबलं. का नाही शोधलं, याची यादी आली. शिक्षण, आजारपण, घरकाम, वय, इतर.

"दारं ठोठावून कंटाळलो, असं नाही का त्यात?"

"नाही. इतर आहे."

"इतर," फोरमन म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. "लग्न होऊन तीस वर्षं झाली, पहिल्यांदाच कुणीतरी मला इतर म्हणालं."

"मी म्हणणार होते," काकू म्हणाल्या. "राहून गेलं."

फोरमन हसले. मग कप खाली ठेवून तिला म्हणाले, "आता तू सांग. गेल्या चार आठवड्यांत काम शोधण्यासाठी काही केलंस का?"

"मी कामावर आहे."

"किती दिवस?"

"पंधरा."

"मग?"

तिने काही केलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारून घरी गेलं की स्वतःला विचारायचा जीव राहायचा नाही. आणि विचारायचं तरी कुणाला, असं वाटायचं.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे पुढच्या महिन्यात तूपण इतर." फोरमन उठले आणि दाराजवळचे बूट ओढले. "अजून किती घरं राहिलीत तुझी?"

"दोन."

"उरक. मी कोपऱ्यावर थांबतो. पुलापलीकडे पंप दुरुस्तीवाला आहे, जळलेल्या मोटरींना नवी तार भरतो. मी एकदा जाऊन आलोय."

"काय म्हणाला होता?"

"नाही म्हणाला होता."

"मग परत कशाला?"

"तेव्हा मी एकटा होतो," फोरमन नाडी बांधत म्हणाले. "आणि तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे. तुला तोंडावर कधी सांगितलं नाही."

टॅब पिशवीत टाकून ती बाहेर पडली आणि दोन्ही घरं तिने अर्ध्या तासात उरकली. एकही प्रश्न न गाळता.

पंपवाल्याच्या दुकानात जळक्या तारेचा वास होता. ओळखीचा वास. तिची बोटं आपोआप हलली. पंपवाल्याने मान वर न करता दोघांचं ऐकून घेतलं. वाइंडिंगची दोन माणसं आहेत, जास्त परवडत नाहीत, म्हणाला. मग एकदा तिच्या बोटांकडे बघितलं. म्हणाला, सध्या तरी नाही.

दोघं बाहेर आले. फोरमननी खिशातून वही काढली, तारीख लिहिली, पुढे 'नाही' लिहिलं.

"पुढच्या महिन्यात जो कोणी येईल," ते म्हणाले, "त्याला हो म्हणता येईल. शोधलं."

तिने बोटांवर मोजलं. एकदा मोजून परत मोजलं.

"नाही येणार, साहेब. पुढची फेरी बरोबर तीस दिवसांनी आहे. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस. दोन कमी पडतात."

फोरमननी वही उघडली, तारखेवर बोट ठेवून स्वतः मोजलं आणि मान हलवली. बरोबर होतं.

"मग परवा परत यायचं," ते म्हणाले.

"तो परत नाही म्हणेल."

"म्हणू दे. नाही म्हणाला तरी आपण शोधलं, असंच धरतात ना?"

ती हसली. परवा सकाळी तिला पाच घरं होती. दुपारी जमेल, असं म्हणाली.