बरा होऊन घरी

अक्का सरकारी दवाखान्याच्या लाँड्रीत बावीस वर्षं चादरी धूत होती. तिचा धाकटा भाऊ तिथलीच शववाहिका चालवायचा. साथीच्या दुसऱ्या महिन्यात बातम्यांत सांगितलं, काल शहरात चार जण दगावले. भाऊ जेवत होता. म्हणाला, "चार? एकोणीस तर मीच नेले."

घरात बोलून थांबला असता तर निभावलं असतं. पण त्याच्या पोटात काही राहायचंच नाही. एका बातमीदारालाही त्याने तेच सांगितलं, वर नाव छापायची परवानगी दिली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बिननंबरची गाडी दारात उभी राहिली. चौघे उतरले, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सुटात.

"रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. चला."

"मी तपासणीच केली नाही, तर रिपोर्ट कुणाचा आला?" भाऊ म्हणाला.

दोघांनी काखेत हात घालून त्याला उचललं आणि गाडीत कोंबलं. गल्लीतल्या खिडक्या धडाधड लागल्या. रोगाची भीती होतीच, आणि त्या दिवशी ती सगळ्यांच्या सोयीचीही होती. पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेलेल्या भावजयीला विचारलं, "नेणारे दिसायला कसे होते?" ती काय सांगणार, कपाळ!

दवाखान्याच्या खिडकीवरच्या कारकुनाने मात्र रजिस्टर पाहून लगेच सांगितलं, "आहे की. वॉर्ड नऊ, खाट चौदा. भेटता येणार नाही."

भावजयीचा जीव भांड्यात पडला. अक्काचा पडला नाही. प्रत्येक वॉर्डाच्या चादरींचं गाठोडं खाली लाँड्रीत यायचं, वर आकडा लिहिलेला. नऊ नंबरचं गाठोडं त्या वॉर्डाचं छत कोसळल्यापासून, म्हणजे सात महिने, आलंच नव्हतं. तरी खात्री करायला ती जिना चढली. दाराला कुलूप. काचेतून दिसल्या त्या एकावर एक रचलेल्या मोडक्या खाटा.

ती थेट मोठ्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, नऊ नंबरात माणूसच नाही. माझा भाऊ कुठंय?"

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. "लाँड्रीतली ना तू? मग लाँड्रीतलंच बघ."

दुसऱ्या दिवशी लाँड्रीचंही बघायचं राहिलं नाही. तुमचं वय झालंय, धोका नको, घरीच थांबा, असा निरोप आला.

अक्काने वकील गाठला. तो फोनवर म्हणाला, "कोर्टात सध्या फक्त तातडीची कामं घेतात."

"धडधाकट माणूस दिवसाढवळ्या नाहीसा होतो, हे तातडीचं नाही?"

तो बिचारा भला होता. खटपट करून त्याने अर्ज दाखल केला. भाऊ कुठे आहे ते सांगा, असं कोर्टाने दवाखान्याला विचारलं.

उत्तर दवाखान्याकडून नाही, इन्स्पेक्टरच्या हातून घरी आलं. छापील कागद होता. रुग्ण बरा झाला, घरच्यांच्या ताब्यात दिला, आता चौदा दिवस घरातच राहील. खाली पत्नीच्या सहीची जागा कोरी.

"आमच्या ताब्यात कुणी दिला नाही," अक्का म्हणाली.

"मग तुम्ही रुग्ण लपवलाय. तो गुन्हा होतो." आणि भावजयीकडे वळून त्याने अगदी सहज विचारलं, "मुलगी कितवीत आहे?"

भावजयीने सही केली. अक्काने तिचा हात धरला होता. तो झटकून केली.

"तुमचा भाऊ आहे, कबूल," तो गेल्यावर ती म्हणाली. "पण पोरगी माझी आहे."

दारावर विलगीकरणाचा कागद चिकटला. एका स्वयंपाकघरात दोघी वावरत, पण एक शब्द बोलत नसत. रोज सकाळी तपासणीवाली बाई फाटकाबाहेरूनच ओरडायची, "पेशंट कसाय?"

"बरे आहेत," भावजय म्हणायची.

बाई वहीत लिहायची: ताप नाही.

नवव्या दिवशी अक्का फाटकाबाहेर येऊन तिला आडवी आली. "आत ये. कपाळाला हात लाव आणि मग लिही."

बाईने इकडेतिकडे पाहिलं, मास्क आणखी वर ओढला. "अक्का, माझंही घर आहे हो." आणि तिने लिहिलं: ताप नाही.

पंधराव्या दिवशी कागद फाडून नेला. माणूस घरी सुखरूप आहे म्हणून कोर्टाने अर्ज निकाली काढला. पुन्हा करायचा तर काय, अक्काने विचारलं. वकील म्हणाला, पत्नीने खोट्या कागदावर सही केली असं तिनेच सांगावं लागेल. म्हणजे आधी तीच आत जाईल.

अक्काने फोन ठेवला. भावजय उंबऱ्यातच बसली होती, स्पीकरवरचं सगळं तिने ऐकलं होतं.

"मी सांगते तसं," ती म्हणाली. "पोरीला तुम्ही सांभाळाल?"

कितीतरी दिवस अक्का याच शब्दांसाठी टपून होती. आता पोरगी आत मोठ्याने पाढे म्हणत होती, आणि अक्काच्या तोंडून हो निघेना.

"बघू," ती म्हणाली.

अजून बघतायत.