पश्चिमेकडची भिंत

कोणी सरळ बोललं की लटारूला आधी शंका यायची, याला एवढं सरळ बोलायची गरज काय पडली? एरवी माणूस कष्टाचा, देवाधर्माचा. पण संशयाचा किडा एकदा डोक्यात शिरला की काढता निघायचा नाही.

चामोर्शीच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी त्याची आणि त्याच्या साळ्याची, पत्रूची, धानाची शेतं लागून होती. दोन वर्षं पाण्यावाचून धान ऐन लोंबीत वाळलं, तेव्हा चौपन्न सालच्या माघात दोघांनी मिळून बांधावर विहीर खोदायला घेतली. बारा हातांवर माती संपली आणि कधी न पाहिलेला गोटा लागला. करडा, सगळा पापुद्र्यांचा. लोखंडी सब्बल मारली की कांद्यासारखे थर सुटत आणि प्रत्येक थरावर चकाकी. लटारूने एक तुकडा गुपचूप कनवटीला लावला.

त्याच आठवड्यात नागपूरचा सरकारी साहेब टेकडीवर हिंडायला आला. हातोडीने दगड फोडायचा, कागदात गुंडाळायचा, वर नंबर घालायचा. लोक त्याला गोटेवाला साहेब म्हणत. तो विहिरीतही उतरला. भिंतीला होकायंत्र लावून त्याने वहीत काही लिहिलं.

"याला शिस्ट म्हणतात," तो म्हणाला. "हा मुळात चिखल. जमिनीच्या पोटात दाबला गेला, भाजला, तेव्हा त्याचे असे थर झाले. चमकतं ते अभ्रक आहे, सोनं नाही. पण थर तिरके आहेत. पश्चिमेकडचे विहिरीत उतरतात. त्यांच्या पायथ्याचा दगड काढलात, तर अख्खी भिंत घसरून अंगावर येईल. तिकडे हात लावू नका."

साहेब गेल्यावर लटारूने कनवटीचा तुकडा चाचपला. मग म्हणाला, "सोनं नाई म्हून याले इचारलं कोनं? मी त नाई इचारलं!"

"भाऊजी, शिकला-सवरला मानूस हाय. आपल्याच भल्याचं सांगून राह्यला," पत्रू म्हणाला.

"आपलं भलं करायले नागपूरवरून आला का तो? त्याचं नाव पुन्हा काढू नोको माह्यासमोर."

पत्रूने नाव काढलं नाही. साहेबाचा तंबू आलापल्लीकडे हलला, आणि लटारूच्या संशयाला जवळचाच माणूस सापडला. कारण पत्रू आता रोज त्याच्याआधी विहिरीवर हजर असायचा. एका सकाळी लटारू येऊन पाहतो तर पश्चिमेकडच्या भिंतीला जाड लाकडांचे टेकू लागलेले, वरून डहाळ्या आणि चिखल थापलेला.

"हे काय होय?"

"असू दे भाऊजी. इकडचं मी पाह्यतो, तू तिकडून खोद."

"लाकडं कुठून आनले?"

पत्रूने मान खाली घातली आणि घमेलं उचललं. झालं! लटारूचा संशय पक्का झाला. साहेब नको म्हणतो तीच भिंत, साळा झाकतो तीच भिंत. दोघांचं संगनमत आहे, सोनं वाटून घेणार, आणि आपण इथे मातीच उपसणार.

"माह्या भावावर शक घेऊ नोको," त्याची बायको रंभा म्हणाली.

"तुया भाऊ हाय म्हून डोये झाकून बसू का?"

बाजाराच्या दिवशी पत्रू चामोर्शीला गेला आणि लटारू एकटाच विहिरीत उतरला. त्याने एकेक टेकू ठोकून काढला. मागे तोच गोटा, तीच चकाकी. म्हणजे सोनं खाली पायथ्याशी असणार! त्याने सब्बल घातली आणि जोर लावला.

मोठा आवाज झालाच नाही. छपरावरचं कवेलू सटकावं तसा अख्खा थर सरकन खाली आला. लटारू मागे उडी मारता मारता पडला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली दगडात चेपला.

शिदोरी घेऊन आलेल्या रंभाने काठावरून किंकाळी फोडली. पत्रू बाजारातून परतत शेतवाटेच्या पांदीत पोचला होता. पिशवी टाकून तो धावला आणि लोंबणाऱ्या भिंतीकडे न बघता सरळ खाली उतरला. सब्बलीने दगड उचलला, लटारूला पाठीवर घेतलं आणि वर आणलं. ते काठावर पोचतात न पोचतात तोच उरलेली भिंत खाली बसली. दोन महिन्यांची विहीर बुजली.

आणि लटारू कण्हत कण्हत काय म्हणाला? "तू काय लपवून राह्यला होता तिथी?"

पत्रू धापा टाकत होता. "लाकडं. सरकारी जंगलातलं सागवान होतं, भाऊजी. नाकेदारानं पकडलं असतं त तुले काईच मालूम नाई, असं सांगता आलं पायजे होतं. अन् साहेबाचं नाव काढू नोको म्हनलं होतं तू."

लटारूला लाज वाटली. अशी लाज की पायाची कळ काही वेळ जाणवलीच नाही.

पाय जुळायला पावसाळा गेला. पुढल्या माघात पत्रू आपणहून कुदळ घेऊन आला. दोघांनी दगड उपसून विहीर नव्याने धरली, आणि पश्चिमेचा काठ थरांच्या उतारानेच लांबवर छाटून घेतला. साळ्याने राग धरला नाही, म्हणून लटारूला भरून आलं.

पण पहिल्याच संध्याकाळी पत्रू वर आला, त्याने कमरेचा दुपट्टा सोडून लटारूसमोर झटकला आणि दोन्ही तळवे उघडून दाखवले. "पाहून घे, भाऊजी."

"हे काय करून राह्यला बे?"

पत्रूने दुपट्टा पुन्हा कमरेला बांधला. चेहऱ्यावर राग नाही, कुचेष्टा नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

चैतात पाणी लागलं. रंभाने हळदकुंकू वाहिलं, पोरंसोरं नाचली, लटारू लंगडत लंगडत सगळ्यांना गूळ वाटत होता. पत्रू ओलाचिंब वर आला आणि त्याने दुपट्टा सोडला.

लटारूने त्याचा हात घट्ट धरला. "पुरे कर न, बापा. चुकलो मी."

पत्रूने हात हळूच सोडवून घेतला आणि दुपट्टा झटकला. "पाह्य, भाऊजी," तो म्हणाला. "नाई पाह्यलं त रातच्यानं झोप नाई येनार तुले."